कबरीवरचा मुक्काम

जुन्या वाड्यांत, किल्ल्यांत, तुरुंगांत रात्र काढण्याची हौस आजच्या साहसी प्रवाशांत वाढते आहे. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) असा जगावेगळा मुक्काम इंग्रजी अमदानीतच घडला.

शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर अष्टकोनी, तीन मजली दगडी वास्तू उभी आहे. मुर्तझा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवरची थंड हवा पाहून इंग्रजांनी तेथे गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम केले. तळघरात कबरी, वर आजाऱ्यांच्या खाटा!

लोक या वास्तूला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीची कीर्तीच एवढी, की वजिराचे नाव मागे पडले. महाल म्हटले की मुक्काम सहज वाटतो. कबर म्हटले की पाऊल अडखळते.

२०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या प्रस्तावावरून वादंग उठले. तेव्हाची पावित्र्यभंगाची भीती रास्तच होती. पण विस्मृतीही तितकीच घातक. ज्या वास्तूचा खरा धनी ठाऊक नाही, तेथे मुक्कामाची मर्यादा ठरवणार तरी कशी? खोल्यांचे दर ठरण्याआधी सलाबतखानाचे नाव लोकांच्या तोंडी यायला हवे.