गाणे यादीतून कोणी काढले?

मागच्या भीमजयंतीला आमच्या वस्तीत शाहिरी जलसा ठरला होता. परवानगीसाठी गेलो तेव्हा एकच प्रश्न आला, "गाणी कोणती होणार?" कोणी काही बंद करा म्हटले नाही. तरी रात्रीच्या बैठकीत खैरलांजीवरचे गाणे आम्हीच यादीतून काढले. डीजेला मात्र कोणाची हरकत नव्हती, आमचीही नाही. हे आम्ही लाजेने लिहीत आहोत.

ज्यांना शाळेची दारे बंद होती, त्या समाजापर्यंत बाबासाहेबांचा विचार भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी पोहोचवला. भाषण सभेत संपते, गाणे माणसाबरोबर घरी जाते. सत्तेला हे नीट कळते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकावर बंदी घातली. ती उघड बंदी होती. आता तेवढीही गरज नाही. कबीर कला मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर स्वतःहून अटकेला सामोरे गेले. आरोप माओवादी संबंधांचा, कायदा यूएपीए. त्यात आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तरी जामीन अडतो. शीतल गरोदर होत्या, त्यांना जूनमध्ये जामीन मिळाला. सचिन यांना मात्र जानेवारी २०१७ पर्यंत थांबावे लागले. खटल्याचा निकाल लागण्याआधीच पावणेचार वर्षे गेली. गाणाराच आत असला की गाण्यावर वेगळी बंदी कशाला हवी?

संविधानाच्या अनुच्छेद १९ ने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि वाजवी निर्बंधांची मुभाही दिली. पण निर्बंध वाजवी आहे की नाही, हे न्यायालयात ठरते. आम्ही तर कागद हातात येण्याआधीच माघार घेतली.

कोणी म्हणेल, केस पडली तर पोराची पोलीस भरती जाते, घर उघड्यावर येते. खरे आहे. ती भीती खोटी ठरवण्याचा आम्हाला अधिकार नाही. म्हणूनच शाहिराला एकटे सोडू नका. परवानगीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकारही लेखीच मागा. डीजेच्या खर्चातला वाटा काढून वकिलासाठी ठेवा. गाणे दहा पोरींना, दहा पोरांना पाठ करायला लावा, म्हणजे एका गळ्यावर ते अवलंबून राहणार नाही.

येत्या १४ एप्रिलला ते गाणे आमच्या यादीत पहिले असेल. तुमच्या यादीतून काय गळाले आहे, तेही एकदा तपासा.

जयभीम!