दोर ओढणारे हात

रत्नागिरीजवळच्या एका वाडीतून एका भगिनीचे पत्र आम्हांला आले आहे. मुलगा दहावीत आहे. मिरजोळ्याच्या विमानतळावर तटरक्षक दलाची विमाने उतरताना दिसली की कुंपणाशी तासन्‌तास उभा राहतो. आता तो म्हणतो, ‘मोठा झाल्यावर मला माझे स्वतःचे ग्लायडर हवे.’ वडील बंदरावर मजुरी करतात. भगिनी विचारतात, ‘हे श्रीमंतांचे खूळ त्याच्या डोक्यातून कसे काढावे?’

ताई, सप्रेम जयभीम. आमचे उत्तर असे की खूळ काढू नये, त्याला वळण लावावे. ही गोष्ट एका घरापुरती नाही, म्हणून उत्तर सर्वांसमोर देत आहोत.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. ते कसे उडते हे कोकणातल्या माणसाला सांगणे सोपे आहे. चैत्र-वैशाखात सड्यावरचा कातळ तापला की त्यावरची हवा गरम होऊन वर चढते. त्या वर चढणाऱ्या हवेत घार पंख न हलवता गिरक्या घेत उंच जाते. ग्लायडरवाला नेमके हेच करतो. लांब, अरुंद पंख घेऊन तो चढती हवा शोधतो आणि तिच्यात फिरत राहतो. यात मंत्र नाही की चमत्कार नाही. हवेचे नियम आहेत आणि ते शिकता येतात.

आम्ही पडलो हिशेबनीस, म्हणून थोडे आकडे. आपल्या देशात बनलेले ‘रोहिणी’ हे जुने लाकडी ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून सोडले तर शांत हवेत सुमारे २० किलोमीटर जाई. म्हणजे रत्नागिरीच्या डोक्यावरून निघून गणपतीपुळ्यापर्यंत. आजचे चांगले ग्लायडर तेवढ्याच उंचीवरून ४० किलोमीटरहून अधिक जाते, म्हणजे जयगडच्याही पलीकडे. वाटेत चढती हवा मिळाली तर मग मोजमापच नाही. २००३ साली जर्मन वैमानिक क्लाउस ओलमन याने अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या वाऱ्यावर एका दिवसात ३,००० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. २०१८ मध्ये तिथेच ‘पर्लन’ नावाचे ग्लायडर ७६,००० फुटांवर गेले. इंजिनाशिवाय!

आता किमतीचे बोलू. नवे ग्लायडर घ्यायचे तर मुंबईत घर घेण्याइतका पैसा लागतो. हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्या देशांत हा खेळ वाढला, तिथेही सगळे शौकीन धनवान नाहीत. चौघे-पाचजण मिळून एक जुने ग्लायडर घेतात, खर्च वाटून घेतात आणि पाळीपाळीने उडवतात. नाहीतर मंडळ काढून वर्गणी भरतात. आपल्याकडे भिशी चालते, तसाच तो प्रकार.

या खेळाचा उगमच अडचणीतून झाला आहे. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक बंधने आली. तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि कारागिरांनी १९२० साली वासरकुपे नावाच्या डोंगरावर बिनइंजिनाच्या विमानांचा मेळावा भरवला. रबरी दोर बांधायचा, मित्रांनी दोन्ही बाजूंनी पळत तो ओढायचा आणि एकाने उडायचे. १९३१ मध्ये ‘ग्रूनाउ बेबी’ हे छोटे ग्लायडर निघाले. त्याचे आराखडे घेऊन गावोगावच्या मंडळांनी आपापल्या कामठ्यात ते बांधले. १९३३ नंतर मात्र हिटलरच्या राजवटीने हीच मंडळे ताब्यात घेतली आणि पोरांना युद्धाच्या वाटेला लावले. मंडळ काढावे, पण ते कोणाच्या हाती आहे यावरही डोळा ठेवावा, हा त्यातला धडा.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्राने १९५८ मध्ये अश्विनी, १९६१ मध्ये रोहिणी, १९६३ मध्ये कार्तिक आणि १९७९ मध्ये आर्द्रा ही ग्लायडर उडवली. यांतली रोहिणी आणि आर्द्रा ही नावे, कोकणातला शेतकरी ज्या नक्षत्रांवर पेरणी-लावणीचा हिशेब ठेवतो, त्यांचीच. पुण्याला हडपसर येथे डी.जी.सी.ए.चे ग्लायडिंग केंद्र उभे राहिले आणि तिथे अनेक दशके सामान्य घरांतली मुलेही उडायला शिकली.

स्वप्नातले विमान स्वतःच्या कष्टाने मिळवल्याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. त्यांचे विमान ग्लायडर नाही, इंजिनाचे आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. त्यांचा पहिला प्रयत्न १९९८ चा. २०१६ मध्ये हे विमान मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी झाली २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. म्हणजे एकूण २१ वर्षे! घरच्यांची साथ नसती तर ही वर्षे निघाली असती काय? आणि एक गोष्ट मुलाला आवर्जून सांगा. यादव आधी शिकून वैमानिक झाले, विमान त्यानंतर आले.

ग्लायडरबद्दलची एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. जमिनीवर ते एका चाकावर उभे असते, त्यामुळे त्याचा एक पंख खाली टेकलेला असतो. कोणीतरी तो पंख हाताने उचलून धरावा लागतो आणि त्याच्याबरोबर चार पावले पळावे लागते. दुसऱ्या टोकाला विंचवर बसलेला माणूस दोर ओढतो, तेव्हा ते आकाशात चढते. पुरेशी उंची मिळाली की वैमानिक दोर सोडतो. पुढचे सारे त्याच्या कौशल्यावर. पण जमिनीवरून एकट्याने कोणी सुटत नाही.

आपला इतिहास याहून वेगळा आहे काय? याच जिल्ह्यातल्या आंबडवे गावच्या सुभेदार रामजींनी ओढाताण सोसून मुलाला शिकवले. १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि बाबासाहेब अमेरिकेला गेले. पुढचे आकाश त्यांनी स्वतःच्या विद्वत्तेवर जिंकले. पण उंची गाठल्यावर ते आपल्यापुरते राहिले नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढून त्यांनी हजारो मुलांसाठी दोर ओढला.

मग आता करायचे काय? मुलाची दहावी नीट होऊ द्या. गुण असतील तर अकरावीला विज्ञान घेऊ द्या. विमानाची कोणतीही वाट धरली तरी भौतिकशास्त्र आणि गणित उपयोगी पडते. पुढे मुंबई, पुणे किंवा नागपूरला प्रवेश मिळाला तर एन.सी.सी.च्या हवाई शाखेची चौकशी करावी. हडपसरला न्यायचे तर तिथे उड्डाणे चालू आहेत का, हे आधी विचारून मगच एस.टी.चे तिकीट काढा. उडणे नाही जमले तर विमान दुरुस्तीचे शिक्षणही सन्मानाचे आहे. आणि आजच, फुकटात जमेल असे एक काम म्हणजे थर्माकोलचे छोटे ग्लायडर बनवणे. ते नाकाला जड असावे की शेपटीला, पंख कुठे बसवावा, हे हाताने करून जे कळते ते पुस्तकाने कळत नाही.

यात वाडीचेही कर्तव्य आहे. तीस घरांनी महिन्याला वीस-वीस रुपये काढले तर वर्षाला ७,२०० रुपये जमतात. विहाराला रंग देण्यासाठी आपण याहून अधिक काढतो. या पैशांत विज्ञानाची पुस्तके, मॉडेलचे सामान आणि मुलांची एक शैक्षणिक सहल होते. विहारातच रविवारी दोन तास हा वर्ग भरवावा. त्यातले एखादेच मूल उद्या आकाशात जाईल. बाकीची निदान हवेचा नियम समजून घेतील आणि बुवाबाजीला प्रश्न विचारतील.

आपल्या मुलांना पंख आहेतच. टेकलेला पंख उचलून चार पावले पळणारी माणसे आपल्या वाडीत किती आहेत, ते येत्या बैठकीत मोजू या.