मोजमाप पुस्तकापलीकडचं लिहा
तापीकाठ : साप्ताहिक स्तंभ

पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांतून निवृत्त झालेले अभियंते आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कमी नाहीत. कुणी सारंगखेडा-प्रकाशाच्या बॅरेजवर उमेदीची वर्षं घातली, कुणी धडगाव-मोलगीकडचे घाटरस्ते केले. बोलायला बसले की तासन्‌तास सांगतात. पण ‘हे कथेत लिहा’ म्हटलं, की उत्तर ठरलेलं : आम्ही आकडेमोड करणारी माणसं, कथा-कादंबरी आमचा प्रांत नाही. मला हे अजिबात मान्य नाही.

नंदा खरे यांचं उदाहरण समोर आहे. अनंत यशवंत खरे, जन्म १९४६, नागपूरचे. मुंबईच्या आयआयटीतून स्थापत्य अभियंता झाले आणि तीन दशकांहून अधिक काळ बांधकामाच्या व्यवसायात राहिले. लिहिण्यासाठी त्यांनी निवृत्तीची वाट पाहिली नाही. ‘ज्ञाताच्या कुंपणावरून’ १९९० मध्ये आलं, ‘अंताजीची बखर’ १९९७ मध्ये. या बखरीत नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या त्यांनी सरदारांच्या नव्हे, एका साध्या माणसाच्या तोंडून सांगितल्या. पुढे ‘उद्या’ या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०२० सालचा पुरस्कार जाहीर झाला. समाजाने आपल्याला भरपूर दिलं आहे, असं सांगून त्यांनी तो नम्रपणे नाकारला. २०२२ मध्ये ते गेले.

अभियंता असूनही ते लेखक झाले, असं लोक म्हणतात. मी म्हणेन, अभियंता होते म्हणूनच असे लेखक झाले. भार कुठून येतो, कुठे उतरतो, तडा आधी कुठे जातो, हे पाहायची सवय त्यांना होती. समाजाकडेही त्यांनी त्याच नजरेनं पाहिलं.

आता आपल्याकडचं पाहा. साइटवरच्या मोजमाप पुस्तकात काय असतं? लांबी, रुंदी, खोली, त्यांचा गुणाकार आणि खाली सह्या. भर उन्हात घमेली वाहणारी बाई त्यात नसते. झाडाखाली झोळीत निजवलेलं तिचं लेकरू नसतं. हंगाम संपला की उसाच्या तोडीला जायचं की इथेच थांबायचं, हा तिच्या घरातला वाद नसतो. अभियंत्यानं मात्र हे सगळं पाहिलेलं असतं.

सरदार सरोवर धरणाचंच घ्या. पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर. या एका आकड्यापायी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. लेव्हल लावून आखलेल्या रेषेनं ठरवलं, कुणाचं मोहाचं झाड पाण्यात जाणार आणि कुणाचं राहणार. धरणग्रस्तांची फरपट विश्वास पाटील यांनी ‘झाडाझडती’ या कादंबरीत मांडली, ते प्रशासनातले. पण दुर्बिणीला डोळा लावून ती रेषा आखणाऱ्याला त्या रात्री झोप लागली का? हे त्याच्याइतकं आतून कोण लिहिणार?

एक सवय मात्र मोडावी लागेल. अहवालात ‘काम पूर्ण करण्यात आले’ एवढ्यावर भागतं. कथेत ते कुणी केलं, कुणाच्या जिवावर केलं आणि करताना त्याच्या मनात काय चाललं होतं, हे सांगावंच लागतं. कथेत नावं-गावं बदलता येतात, म्हणून अहवालात न मावलेलं खरं तिथे बिनधास्त लिहिता येतं. भाषेची चिंता नको. मुकादमाची अहिराणी, मजुरांची पावरी तुमच्या कानात आहेच. ती तशीच कागदावर येऊ द्या.

जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. त्यानंतरचे रस्ते, पूल, बंधारे ज्यांनी उभे केले, ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे. त्यांच्याबरोबर हे सगळं जाऊ नये, असं मनापासून वाटतं. साहेब, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाची मोजमापं लिहिलीत. आता एक वही घ्या आणि पहिली गोष्ट याच आठवड्यात लिहायला घ्या.