दोहा उभारणाऱ्यांचे नाव कोणत्या भिंतीवर?

एखादे शहर पाहुण्यांना काय दाखवते, यावरून त्याची श्रीमंती कळते. काय झाकून ठेवते, यावरून त्याची नियत कळते. कतार या आखाती देशाची राजधानी दोहा आज जगभरच्या पर्यटकांना खुणावते आहे. या झगमगाटाकडे पाहताना आम्हाला एक साधा प्रश्न पडतो. हे सगळे ज्या हातांनी उभे केले, त्या हातांना या शहरात जागा कुठे आहे?

शंभर वर्षांपूर्वी दोहा म्हणजे वाळवंटाच्या काठावरची, समुद्रातून मोती काढून जगणारी गरीब वस्ती होती. १९३० च्या सुमारास जागतिक मंदी आली, जपानचे संवर्धित मोती बाजारात आले आणि हा धंदा बुडाला. पुढे दुखानला तेल सापडले आणि १९४९ पासून ते परदेशी जाऊ लागले. त्यानंतर नैसर्गिक वायूने तर देशाचे नशीबच पालटले. आज या देशात सुमारे तीस लाख माणसे राहतात. त्यांत दहातली जवळजवळ नऊ परदेशी आहेत. सर्वांत मोठा समाज भारतीयांचा, आठ लाखांच्या आसपास. त्यात आपले मराठी बांधवही आहेत.

पाहण्यासारखे तेथे पुष्कळ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटावर आय. एम. पेई यांनी बांधलेले इस्लामी कलेचे संग्रहालय २००८ साली उघडले. वाळवंटात सापडणाऱ्या गुलाबाच्या आकाराच्या स्फटिकावरून झाँ नुव्हेल यांनी कल्पिलेले राष्ट्रीय संग्रहालय २०१९ मध्ये जुन्या राजवाड्याभोवती उभे राहिले. सूक वाकिफ हा जुना बाजार माती-लाकडाच्या पद्धतीने पुन्हा घडवला. २०१९ मध्येच मेट्रो धावू लागली. १८ डिसेंबर २०२२ रोजी लुसैलच्या भव्य मैदानावर फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि साऱ्या जगाने हे शहर घरबसल्या पाहिले.

पण आमच्या वाचकांपैकी कोणी दोहाला गेला, तर त्याने सर्वांत आधी मशैरिब भागातील ‘बिन जलमूद हाऊस’ हे घर पाहावे, असे आम्ही सांगू. २०१५ साली लोकांसाठी खुले झालेले हे संग्रहालय गुलामगिरीचे आहे. हिंदी महासागराच्या काठाकाठाने माणसांचा व्यापार कसा चालला, पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे आखातात कशी विकली गेली, त्यांना घरकामाला आणि मोत्यांच्या होड्यांवर कसे जुंपले, हे तेथे उघडपणे मांडले आहे. आजच्या मानवी तस्करीचाही विषय तेथे टाळलेला नाही. कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १९५२ साली, म्हणजे आपली राज्यघटना लागू झाल्यानंतर दोन वर्षांनी. भरपाई मिळाली ती मालकांना. ज्यांचे आयुष्य लुटले गेले त्यांना नव्हे!

आपल्या पूर्वजांचे पाप स्वतःच्या राजधानीत, भर वस्तीत, संग्रहालय करून मांडायला धैर्य लागते. आखातात असे संग्रहालय दुर्मीळच. आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. शोषणाची कबुली देणे ही मुक्तीची पहिली पायरी असते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती निग्रोंना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केली. एका खंडातील बेडी तुटल्याचा आवाज दुसऱ्या खंडातील बेडीत जखडलेल्याला ऐकू येतो, हे जोतीरावांना ठाऊक होते. म्हणूनच दोह्यातले ते घर आमच्याही इतिहासाशी बोलते.

त्या घराने आणखी एक गोष्ट ध्यानात आणून द्यावी. मोत्यांच्या धंद्यात सगळेच कामगार गुलाम नव्हते. कागदावर स्वतंत्र असलेले पाणबुडेही होते. पण ते होडीच्या मालकाकडून उचल घेत, ती कधी फिटत नसे आणि बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. पेढीवर मोती तोलले जात होते. पाणबुड्याचा श्वास कोणी तोलला नाही. साखळी न घालताही माणूस बांधून ठेवता येतो, हे वेठ आणि सावकारी भोगलेल्या आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

आता प्रश्न आजचा. ज्या मशैरिबमध्ये हे संग्रहालय आहे, तेथे पूर्वी भारतीय, नेपाळी, बांगलादेशी मजुरांची दाटीची वस्ती होती. जुनी घरे पाडली, वस्ती उठली आणि त्या जागी आखीव-रेखीव, महागडा नवा भाग उभा राहिला. २०१० साली कतारने १५ क्रमांकाचा कायदा करून कुटुंबांच्या निवासी वस्त्यांत कामगारांच्या निवासाला बंदी घातली. एकट्या मजुराला तेथे ‘बॅचलर’ म्हणतात. गावी त्याची बायकापोरे असली तरी! शहराबाहेर त्यांच्यासाठी ‘लेबर सिटी’ बांधली, जवळच त्यांचे वेगळे दुकान-संकुल, वेगळे क्रिकेटचे मैदान. विश्वचषकाच्या वेळी हजारो मजुरांनी सामने पाहिले ते त्याच मैदानातील पडद्यावर. गावाला राबणाऱ्या हातांची वस्ती मात्र गावकुसाबाहेर, ही व्यवस्था आम्ही फार जवळून ओळखतो. तिला तेथे जातीचे नाव नाही, एवढाच फरक.

आणि जे परत आलेच नाहीत त्यांचे काय? ब्रिटनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये दक्षिण आशियातील पाच देशांच्या नोंदी जमवून दाखवले, की विश्वचषक कतारला मिळाल्यानंतरच्या दहा वर्षांत त्या देशांचे साडेसहा हजारांहून अधिक लोक तेथे मरण पावले. त्यात २,७११ भारतीय. हे सर्व व्यवसायांतील, सर्व कारणांनी झालेले मृत्यू आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सगळे मैदानांच्या बांधकामावर मेले असे नव्हे. पण बहुतेकांच्या कागदावर ‘नैसर्गिक मृत्यू’ एवढेच लिहिले गेले. उन्हात राबणारा धडधाकट तरुण रात्री झोपतो आणि सकाळी उठत नाही, यात नैसर्गिक काय आहे? कारण शोधले नाही की मृत्यू कामामुळे झाला असे ठरत नाही आणि तसे ठरले नाही की भरपाईही द्यावी लागत नाही.

कतारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. देश सोडण्यासाठी मालकाची परवानगी लागण्याची अट २०१८ पासून बहुसंख्य कामगारांसाठी आणि २०२० पासून घरकामगारांसाठीही काढली. २०२१ पासून महिना किमान १,००० रियाल मूळ वेतन लागू झाले. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करण्यास बंदी आहे. हे बदल जगाच्या आणि कामगारांच्या दबावातून आले. दबाव कायम राहिला तरच ते टिकतील. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने नोव्हेंबर २०२४ मध्ये विश्वचषकाच्या स्मृत्यर्थ पाच कोटी डॉलरचा निधी जाहीर केला, पण तो जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थांच्या उपक्रमांना गेला. मृत मजुरांच्या घरच्यांसाठी त्यात काही नव्हते.

काही जण म्हणतील, की हे लोक आपल्या खुशीने गेले, त्यांच्या पैशाने गावी घरे झाली, पोरे शिकली. खरे आहे. त्या कष्टाच्या पैशाला आम्ही सलाम करतो. पण एजंटाला देण्यासाठी शेत गहाण टाकून गेलेल्या माणसाची खुशी कितीशी मोकळी असते? आणि पगार दिला म्हणजे माणुसकीचे देणे फिटले, हा हिशेब कोणी शिकवला? व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामगाराच्या मजुरीबरोबर त्याचे तास, त्याचे आरोग्य आणि त्याची प्रतिष्ठा यांचा विचार केला. तीच कसोटी दोह्यालाही लागू आहे.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. गुलामांचा इतिहास मांडणाऱ्या या राजधानीने ही मैदाने, ही मेट्रो, ही संग्रहालये बांधणाऱ्यांचा इतिहासही नावानिशी, गावानिशी मांडावा. परदेशातील प्रत्येक भारतीय मजुराच्या मृत्यूचे खरे कारण शोधले जावे, यासाठी भारत सरकारने आग्रह धरावा आणि इथल्या लुबाडणाऱ्या एजंटांना वेसण घालावी. आखातात असलेल्या आपल्या बांधवांनी सुट्टीच्या दिवशी त्या संग्रहालयाची पायरी चढावी, आपल्या करारनाम्याचा कागद समजून घ्यावा आणि एकमेकांना धरून राहावे.

कालच्या गुलामासाठी संग्रहालय बांधणारे शहर थोर खरे. पण आजच्या मजुराला ते शेजारी मानील, त्याच दिवशी ते थोरपण सिद्ध होईल.