बेरजेची चाल, गुणाकाराची चाल



अंकगणिती श्रेढी आणि भूमिती श्रेढी हे शब्द शाळेतल्या लेकरांना जड वाटतात. आई-बाप तर म्हणतात, “आम्हाला काय कळतं त्यातलं!” आम्ही म्हणतो, कळतं. बाजारहाट करणाऱ्याला हे गणित येतंच, फक्त त्याचं नाव ठाऊक नसतं.

मोलगीच्या आमचुराचंच घ्या. सातपुड्यातली कुटुंबं कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून आमचूर करतात. समजा, किलोला १५० रुपये भाव मिळाला. एक किलोचे १५०, दोनचे ३००, तीनचे ४५०. दर किलोमागे सारखेच १५० वाढतात. ही अंकगणिती श्रेढी; तिची चाल बेरजेची.

आता ३, ६, १२, २४ पाहा. इथे वाढ सारखी नाही. पण प्रत्येक संख्या मागचीच्या दुप्पट आहे. ही भूमिती श्रेढी. तिची चाल गुणाकाराची.

ओळखायची रीत सोपी. पुढच्या संख्येतून मागची वजा करा. दर वेळी उत्तर सारखं आलं तर अंकगणिती. नाही आलं, तर पुढचीला मागचीने भागा. भागाकार दर वेळी सारखा आला तर भूमिती. १, ४, ९, १६ सारखी रांग या दोन्हींत बसत नाही. आणि दोनच संख्या पाहून निकाल देऊ नका. २, ४ नंतर ६ ही येऊ शकतात, ८ ही.

कर्जात नेमकी इथेच फसगत होते. १००० रुपये, महिना शेकडा १० व्याजाने घेतले आणि काहीच फेडले नाहीत, असं धरा. महिन्याने सरळ व्याजाने ११००, चक्रवाढीनेही ११००. दुसऱ्या महिन्याला १२०० आणि १२१०. माणूस म्हणतो, दहा रुपयांनी काय होतंय! पण वर्षाने सरळ व्याजाने २२०० होतात, चक्रवाढीने सुमारे ३१३८. दोन वर्षांनी ३४०० आणि सुमारे ९८५०!

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याजाचा हुकूमनामा न्यायालयही देत नाही. पण कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा आधीच सावध झालेलं बरं.

म्हणून सही-अंगठा करण्याआधी पुढच्या तीन महिन्यांचे आकडे कागदावर मागून घ्या. घरी लेकराला वजाबाकी करायला सांगा. उत्तर दर महिन्याला फुगत असेल, तर कर्ज चक्रवाढीचं आहे. तो कागद तसाच परत करा.