सायटिका आणि सक्तीची विश्रांती

सायटिका झाली म्हटले की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो, "पडून राहा." शेजारीण सांगते, पुण्याहून फोनवर नणंद सांगते आणि काही डॉक्टरही अजून सांगतात. माझे स्पष्ट मत असे की हा सल्ला आता जुना झाला आहे, आणि आमच्या भिवंडीत तर तो बहुतेकांच्या काहीच कामाचा नाही.

आधी दुखणे समजून घेऊ. कमरेच्या खालच्या मणक्यांतून निघणारी नसांची मुळे एकत्र येऊन शरीरातली सर्वांत जाड नस तयार होते. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागून उतरते आणि तिचे फाटे थेट पावलापर्यंत जातात. दोन मणक्यांमधली गादी बाहेरून चिवट आणि आतून मऊ असते. बाहेरच्या कडेला चीर गेली की आतला मऊ भाग सरकून नसेच्या मुळाला टेकतो. मग कमरेपेक्षा पायच जास्त ठणकतो, मुंग्या येतात, शिंक आली तरी कळ पोटरीत जाते. उसण भरणे हे निराळे आणि हे निराळे. (पायाळू माणसाची लाथ कमरेवर मारून घ्यावी असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी निदान इथे तरी तो प्रयोग करू नये!)

आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड; रोगी तसा चालतो म्हणून हे नाव पडले असे सांगतात. कुल्ल्यापासून पावलापर्यंत क्रमाने उतरणारी वेदना, असे वर्णन चरकसंहितेतही आहे. जन्म भाषा शिकवण्यात गेला म्हणून असेल, पण मला 'सायटिका'पेक्षा हाच शब्द नेमका वाटतो.

आता विश्रांतीचे पाहा. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी सायटिकेच्या १८३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे अंथरुणात झोपवले, दुसऱ्याला जमेल तसे हिंडू-फिरू दिले. दोन्ही गट सारखेच सुधारले. बाहेर आलेला मऊ भाग पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते, त्यामुळे बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. तोवर वेदनाशामक गोळ्या (आमच्या वयात मूत्रपिंड आणि पोट सांभाळून, डॉक्टरांना विचारूनच), थोडे थोडे चालणे, आणि ओझे अजिबात नाही. दुखणे दीड-दोन महिन्यांत हटलेच नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. तिने आराम लवकर पडतो, पण वर्षभरानंतर शस्त्रक्रिया केलेले आणि वाट पाहिलेले साधारण सारखेच असतात, असे तिथल्याच २००७ च्या अभ्यासात दिसले.

मात्र लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. सकाळ होण्याची वाटसुद्धा पाहायची नाही. पाऊल उचलेनासे झाले तरी दिवस घालवू नयेत.

माझा एक जुना विद्यार्थी गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. गेल्या वर्षी तो एमआरआयचे पाकीट घेऊन माझ्याकडे आला. चाचणीसाठी उसने पैसे घेतले होते. कागदावर गादी फुगल्याचे लिहिलेले, आणि ते वाचून पोरगा खचलेला. मी त्याला सांगितले की १९९४ मध्ये अमेरिकेत कंबरदुखीचा त्रास नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांची गादी फुगलेली निघाली. धोक्याची लक्षणे नसताना पहिल्याच आठवड्यात हा खर्च कशाला? डॉक्टरांनी पाय सरळ उचलून पाहणे, पावलाची ताकद तपासणे याला पाच मिनिटे लागतात.

त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाई, पडून राहिलो तर भाडं थकतं आणि कामावर गेलो तर गोणी उचलायलाच लागते. मधलं काय आहे का?"

खरी अडचण ही आहे. वैद्यक सांगते हिंडा-फिरा पण ओझे नको. आणि इथे हिंडण्याफिरण्याचा पगार मिळत नाही, ओझ्याचाच मिळतो. यंत्रमागाचे बीम खांद्यावरून नेणारे घ्या की काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामांतले हमाल घ्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सांगितली. त्याच वर्षीच्या ओझ्याविषयीच्या कराराला भारताने २०१० मध्ये मान्यता दिली. पन्नास किलोची गोणी त्या हिशेबात अगदी नियमात बसते! पण तो हिशेब धडधाकट पाठीचा आहे. दुखावलेल्या पाठीला किती किलो, ते कोण ठरवणार?

म्हणून माझे म्हणणे, डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'विश्रांती' न लिहिता 'सहा आठवडे वजन उचलू नये, इतर काम चालेल' असे लिहावे. गोदामात माल मोजणे, खोक्यांवर पट्ट्या चिकटवणे, नोंदवहीत आकडे मांडणे ही कामे असतातच. माझ्या विद्यार्थ्याने तशी चिठ्ठी आणली. मुकादमाने आधी नाक मुरडले, मग मोजणीवर बसवले. रोज मात्र निम्मा केला. पाय दीड महिन्यात पुष्कळ सुधारला. एमआरआयचे उसने पैसे अजून फिटायचे आहेत.