काळा कोट तोच, बाजू कुणाची?

आपल्या तालुक्याच्या कोर्टात एक वकीलसाहेब आहेत. नाव लिहीत नाही, पाड्यापाड्यात सगळे ओळखतात. काही वर्षं ते सरकारी वकील होते. जंगलखात्याची केस आली की खात्याच्या बाजूने उभे. आमच्या आज्या-बापांनी नांगरलेली जमीन म्हणजे अतिक्रमण, सरपणाची मोळी म्हणजे चोरी, आणि आमची माणसं म्हणजे आरोपी नंबर १ ते ७. आता सरकारी वकिली सुटली. त्याच कोर्टाबाहेर टेबल टाकलंय आणि आमचंच वकीलपत्र घेतात.

काही साथी म्हणतात, यात वाईट काय? बरोबर आहे. ज्या खटल्यात सरकारतर्फे काम केलं त्याच खटल्यात आरोपीतर्फे उभं राहता येत नाही, बाकी कायदा आडवा येत नाही. उलट असा माणूस मिळाला तर आमचा फायदाच व्हायला पाहिजे. खात्याची केस कुठे पोकळ असते ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पंचनामा जागेवर न होता रेंज ऑफिसात बसून लिहितात, ते ठाऊक. पंच म्हणून खात्याच्याच रोजंदारी मजुराचा अंगठा असतो, ते ठाऊक. नकाशा नाही, मोजणी नाही, जप्त केलेली कुऱ्हाड कोर्टात येत नाही. तेव्हा हीच भोकं साहेब बुजवत होते ना!

मग आता उलटतपासात यातला एक तरी प्रश्न गार्डला का विचारत नाहीत? आमचा राग इथे आहे. बाजू बदलली म्हणून नाही, बदललीच नाही म्हणून. चार तारखा पाडतात, दर तारखेला फी घेतात आणि शेवटी सांगतात, कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो. मोकळा कसला! खात्याला पूर्वी साक्षीदार तरी आणावे लागत. आता कबुली मिळते, तीही आमच्या पैशाने.

आणि कबुली कशाची? केसमध्ये लिहिलेलं असतं, "यंदा नवीन अतिक्रमण केले." २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतो हे दाखवावं लागतं. यंदा नवीन केलं असं कबूल केलं, की उद्या दावा तपासताना खातं तोच कागद पुढे करील. दंड पाचशेचा, जाते जमीन. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत जमिनीवरून काढता येत नाही, असं याच कायद्याच्या कलम ४(५) मध्ये आहे. साहेबांनी ते कोर्टात कधी वाचून दाखवलं?

जुन्या केसांची गोष्ट तर ऐकाच. २००८ च्या नियमांत, १३ व्या नियमात, कोर्टाचे आदेश आणि निकाल पुरावा म्हणून चालतात. म्हणजे ज्या निकालात साहेबांनी आमच्या म्हाताऱ्यांना शिक्षा मिळवून दिली, त्यातच लिहिलंय की अमक्या साली अमक्या कंपार्टमेंटात हा माणूस नांगरत होता. आता त्याच निकालाची नक्कल काढून द्यायला साहेब आमच्याकडून पैसे मागतात. शिक्षा केली त्याचा पगार सरकारकडून घेतला, नकलेची फी आमच्याकडून!

नकलेचा अर्ज आरोपी स्वतः देऊ शकतो, त्याला वकील लागत नाही. वकील लागलाच तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे आदिवासीला फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. तिथला वकीलही उलटतपास घेतो की नाही, ते बघायला गावातली दोन माणसं कोर्टात बसली पाहिजेत.

यापुढे ग्रामसभेत बोलल्याशिवाय कुणी गुन्हा कबूल करू नये. ज्यांच्या घरी जुने निकाल, दंडाच्या पावत्या, जप्तीचे कागद आहेत, त्यांनी वनहक्क समितीकडे झेरॉक्स द्यावी. अस्सल कागद पत्र्याच्या पेटीतच राहू दे, वकिलाच्या हातात देऊ नका.